पिल्लाचे मागचे पाय लुळे पडत असतील तर काय करायचं?

डिझेलचा कोटा आणि हवामानाचा इशारा सोडून आज जरा वेगळा पाठ. आपल्या एका सभासदाची बहीण लग्न होऊन ग्वाल्हेरला, टोपी बाजारात राहते. तिने भावाकडून आपल्या पेजला प्रश्न पाठवला: घरातलं पिल्लू २५ दिवसांचं झालं, भावंडं धावायला लागली, हे मात्र पोटावर सरपटतं, मागचे पाय बेडकासारखे दोन्ही बाजूंना फाकतात. शेजारी म्हणतात, हे काही चालायचं नाही, सोडून द्या कुठेतरी.

हा प्रश्न आपल्या बंदरावर नवा नाही. जेट्टीवर, ओट्याखाली, शाकारलेल्या होडीच्या आडोशाला कुत्री विते आणि त्यात एखादं पिल्लू असं निघतं. बरेच जण ते गोणीत घालून लांब नेऊन सोडतात. म्हणून म्हटलं, उत्तर एकटीला न देता सगळ्यांसाठी लिहू. यातली बरीच पिल्लं घरच्या घरी, दोन-चार आठवड्यांच्या मेहनतीने चालायला लागतात. पण काहींच्या पायामागे वेगळाच आजार असतो आणि त्यातला एक आपल्या मुलाबाळांच्या जिवावर येऊ शकतो. म्हणून आधी ओळख, मग इलाज.

आधी वय बघा

पिल्लू साधारण १५ ते २० दिवसांचं झालं की उभं राहायची धडपड करतं. चार आठवड्यांत डुलत डुलत का होईना, चालतं. तेव्हा १२ दिवसांचं पिल्लू सरपटत असेल तर घाबरायचं कारण नाही. तीन आठवडे उलटले, भावंडं उभी राहिली आणि हेच एक जमिनीला चिकटून हात-पाय मारतंय, तर लक्ष घाला. पाण्यात पोहल्यासारखे पाय मारतं म्हणून डॉक्टर याला ‘स्विमर पपी’ म्हणतात. आपण फताडे पाय म्हणू.

असं पिल्लू बहुतेक वेळा अंगाने गुबगुबीत असतं. वजन भराभर वाढतं, पायात तेवढी ताकद आलेली नसते आणि खालची फरशी गुळगुळीत असते. पाय घसरतो, परत घसरतो, मग ते उभं राहायचा नादच सोडतं. सतत पोटावर पडून छाती चपटी होते, श्वासाला त्रास होतो, दूध पिताना ठसका लागतो. म्हणून ‘मोठं झालं की होईल आपोआप’ असं म्हणून थांबू नका. हाडं कोवळी असतात तोवरच पाय लवकर वळणावर येतात.

घरच्या घरी तपासणी

एक, पाय हळूच लांब करा आणि दुमडा. सांधा सहज हलतो का? पिल्लू केकाटतं का? केकाटलं तर मार, मोड किंवा हाडाचं दुखणं असू शकतं.

दोन, पायाच्या बोटाला हलका चिमटा घ्या. पिल्लू पाय मागे ओढतं का? ओढत असेल तर चांगली खूण.

तीन, पोटाखाली हात देऊन उभं धरा आणि पंजा उलटा करून जमिनीला टेकवा. निरोगी पिल्लू तो लगेच सरळ करतं. तसाच ठेवत असेल तर मज्जातंतूचा किंवा मणक्याचा संशय घ्यायचा.

चार, लघवी आपोआप गळते का, शी अडते का, ते बघा.

पाच, आठवून बघा. पिल्लू सुरुवातीपासूनच असं आहे की चांगलं धावणारं अचानक बसलं? सुरुवातीपासून असेल तर फताडे पाय असण्याची शक्यता जास्त. अचानक बसलं असेल तर घरचा इलाज नको, सरळ डॉक्टर. पोरांच्या हातून पडलेलं, मोटारसायकलचा धक्का लागलेलं पिल्लू बाहेरून ठीक दिसतं आणि आत मणका दुखावलेला असतो. अशा पिल्लाला फळीवर किंवा ताठ पुठ्ठ्यावर ठेवून न्या, काखेत धरून नको.

इथे हात लावण्याआधी थांबा

नाका-डोळ्यांतून चिकट पाणी, ताप, खोकला, जुलाब आणि मग पाय लुळे पडणं किंवा अंग उडणं, ही डिस्टेंपरची लक्षणं आहेत. हा रोग माणसाला होत नाही, पण बाकीची पिल्लं जातात. आजारी पिल्लू वेगळं ठेवा.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. पाय लुळे पडत चाललेत, जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, आवाज बदललाय, अशा पिल्लाच्या तोंडात ‘काही अडकलंय का’ म्हणून बोट घालू नका. पिसाळलेलं कुत्रं नेहमी चावत सुटतं असं नाही. रेबीजचा एक प्रकार असा गप्प, लुळा पडणारा असतो. पिल्लालाही तो होतो, आईला किंवा त्याला दुसरं कुत्रं चावलेलं असेल तर जास्त सांभाळा. चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागली तर ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या. हळद, चुना, मिरची जखमेवर लावू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य आहे. लस वेळेत घेतली तर तो टाळता येतो.

फताड्या पायांचा इलाज

१. खालची जमीन बदला. अर्धं काम इथेच होतं. लादी, मार्बल, गुळगुळीत कडप्पा, यावर पाय रोवत नाही. धुतलेलं गोणपाट, काथ्याची चटई किंवा जुनं पायपुसणं घट्ट बसवा. आपल्याकडे जुनं जाळं अंथरायचा मोह होतो. ते करू नका, नखं आणि बोटं आशीत अडकतात.

२. पोटावर झोपू देऊ नका. झोपताना कुशीवर वळवा, दोन्ही बाजूंना आलटून पालटून. टॉवेलची गुंडाळी पाठीला लावली की टिकतं.

३. पाय जवळ बांधणं. मागचे दोन्ही पाय टाचेच्या सांध्याच्या जरा वर, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी मऊ पट्टी फिरवून बांधतात. दोन पायांत अंतर किती? पिल्लू नीट उभं असतं तर पाय कंबरेच्या बरोबर खाली जेवढे लांब असते, तेवढंच. त्यापेक्षा जवळ ओढू नका. आधी कापसाचा किंवा गॉजचा थर, वर कागदी चिकटपट्टी. पहिल्यांदा डॉक्टरांकडून बांधून घ्या आणि बघून शिका. दर तीन-चार तासांनी पंजा तपासा. सुजला, थंड पडला, रंग बदलला तर लगेच सोडा. पिल्लू रोज वाढतं, म्हणून दोन-तीन दिवसांनी पट्टी बदलायची. रबरबँड, सुतळी आणि जाळ्याचा नायलॉन दोरा मुळीच वापरायचा नाही. तो कातडीत रुततो आणि पाय कायमचा जातो.

४. व्यायाम. दिवसातून पाच-सहा वेळा, पाच-पाच मिनिटं. पाय हळू दुमडा आणि सरळ करा, दहा वेळा, सायकल चालवल्यासारखं. मांडीला तळहाताने वरून खाली हलकं चोळा. पंजाच्या तळव्याला मऊ टूथब्रशने गुदगुल्या करा म्हणजे ते स्वतः पाय ओढतं. मग जुन्या टॉवेलची झोळी पोटाखालून घालून वर धरा. पाय जमिनीला टेकले पाहिजेत, वजन आपण पेलायचं. पाच सेकंद, मग दहा, मग वीस.

५. पाण्यातली कसरत. टबात कोपराला कोमट लागेल इतकं पाणी घ्या. पिल्लाला छातीखाली धरून ठेवा, पाय मारू द्या. दोन-तीन मिनिटं पुरे. नंतर अंग पूर्ण कोरडं करा. खाडीत किंवा समुद्रात सोडू नका. थंडीने ते गारठतं आणि नाकात खारं पाणी जातं.

६. वजनावर नजर. मासळीचा छोटा काटा घरात आहेच. रोज एकाच वेळी वजन करून वहीत लिहा. वजन वाढलं पाहिजे, पण भावंडांच्या पुढे पळायला नको. घटायला लागलं तर डॉक्टर.

वेळेत सुरुवात केली तर बऱ्याच पिल्लांत दोन ते चार आठवड्यांत फरक दिसतो. आठवड्यातून एकदा त्याच जागेवर, त्याच बाजूने मोबाईलवर व्हिडिओ काढा. रोज बघताना फरक कळत नाही, व्हिडिओत कळतो. दोन आठवड्यांत काहीच हललं नाही तर खुबा, वाटी किंवा मणक्यात जन्मजात दोष असू शकतो, एक्स-रे लागेल.

खाणं: इथे आपल्या घरांनी जास्त ऐकायचं

पिल्लू महिना-दीड महिन्याचं झाल्यावर पाय वाकायला लागले, धावणारं लंगडायला लागलं, तर खाण्याकडे बघा. नुसता भात आणि काटे काढलेली मासळी दिली की फॉस्फरस भरपूर मिळतो आणि कॅल्शियम कमी पडतं. मग शरीर कॅल्शियम हाडातून ओढतं, हाडं मऊ पडतात, साध्या उडीनेही मोडतात. पण घाबरून कॅल्शियमच्या गोळ्या मनाने देऊ नका. जास्त झालं तर तेही हाड बिघडवतं, मोठ्या जातीच्या पिल्लात जास्तच. वजनाप्रमाणे डोस डॉक्टर सांगतील.

कच्ची मासळी आणि मासळीची आतडी पिल्लाला टाकायची आपली सवय आहे. काही जातींच्या कच्च्या माशात थायमिनेज नावाचं द्रव्य असतं. ते शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व मोडतं. १९३० च्या दशकात अमेरिकेत मिनेसोटा राज्यात चॅस्टेक नावाच्या गृहस्थाच्या फार्मवर कच्ची मासळी खाणारे कोल्हे लुळे पडून मेले. तेव्हापासून या आजाराला ‘चॅस्टेक पॅरालिसिस’ म्हणतात. कुत्र्यालाही हे होतं: आधी भूक जाते, मग चाल डळमळते, मग झटके येतात. उपाय सोपा, मासळी उकडून द्या. उकडल्यावर ते द्रव्य निकामी होतं. कुठल्या माशात किती, याचा हिशेब करत बसायला नको.

कालवण-भात नको. मीठ-तिखट तर आहेच, पण कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतात. खारवलेली सुकी मासळीही नको. आणि चार आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला आईचं दूध सगळ्यात चांगलं. गाईचं दूध त्यामानाने पातळ पडतं आणि जुलाब लागतात. आई नसेल तर औषधाच्या दुकानात पिल्लांची दूधपावडर मिळते. पाजताना पिल्लू पोटावर आणि डोकं जरा वर. उताणं धरून पाजलं तर दूध छातीत जातं.

जंतामुळेही पिल्लू रक्त कमी होऊन पायातून जातं. दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांचं होईपर्यंत जंताचं औषध लागतं. सहा ते आठ आठवड्यांत डिस्टेंपर-पार्व्होची पहिली लस, तिसऱ्या महिन्यात रेबीजची.

घरातल्या डब्यातली दुखण्याची गोळी पिल्लाला कधीच देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक याने पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंड जातं. जनावरांसाठी डायक्लोफेनॅक वापरायला तर आपल्या देशात २००६ पासून बंदी आहे, ती गिधाडं वाचवण्यासाठी.

टोपी बाजारच्या ताईंसाठी

दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० मध्ये ग्वाल्हेरला पडली, त्यावरून त्या भागाला लष्कर नाव आलं. टोपी बाजार त्याच लष्करातला. तिथे आणि आपल्याकडे मोठा फरक थंडीचा. आपल्या किनाऱ्यावर पिल्लू सहसा तेवढं गारठत नाही, पण ग्वाल्हेरला जानेवारीत रात्री पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो. कोवळं पिल्लू आपली ऊब आपण धरू शकत नाही आणि गारठलेलं पिल्लू दूधही पचवत नाही. तेव्हा खोक्यात गोधडी, कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली आणि खोक्याचा एक कोपरा मोकळा, म्हणजे गरम झालं तर सरकता येईल. दगडी फरशीवर आधी गोणपाट, मग पट्टी आणि व्यायाम.

तपासायला जिल्ह्याचं सरकारी पशुचिकित्सालय गाठा. १९६२ हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा फोन नंबर मध्य प्रदेशातही चालतो आणि महाराष्ट्रातही. ही सेवा मुख्यतः गाई-म्हशींसाठी आहे, पण जवळचा डॉक्टर कुठे हे विचारता येतं. मुंबईतल्या आपल्या लोकांसाठी परळ आहेच. तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून चालू आहे आणि त्याच आवारातलं बाई साकराबाई रुग्णालय जुनी माणसं ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणून ओळखतात.

एक शेवटचं

सगळी पिल्लं पूर्ण बरी होतील असं आम्ही म्हणत नाही. काही थोडी डुलत चालतील, काही तीन पायांवर धावतील. मणक्याचं काही फार वाईट असेल तर डॉक्टर सरळ सांगतील आणि ते ऐकायचं. पण उपाशी-तहानेने तडफडेल अशा जागी जनावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, बंदरावर लस न टोचलेलं, लुळं पिल्लू सोडलं की पोरं त्याला उचलतातच. एक दिवस ते चावलं तर धोका आपल्याच घरात येतो.

म्हणून पिल्लू सोडून देण्याआधी तीन आठवडे द्या. गोणपाट, जुना टॉवेल, चिकटपट्टी आणि दिवसाला अर्धा तास, एवढाच खर्च. नाखवा समुद्रावर असतील तर हे काम घरची पोरं छान करतात. त्यांना वरची पाच तपासण्यांची यादी वाचून दाखवा आणि साबणाने १५ मिनिटं धुण्याची गोष्ट पाठ करून घ्या.