संगणकीय प्रतिकृती आणि ऊनपावसाच्या खुणा

रायगड जिल्ह्याच्या रोहे तालुक्यात, कुंडलिका नदीच्या काठी धाटाव हे गाव आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीमुळे, विशेषतः तेथील रासायनिक कारखान्यांमुळे, त्याचे नाव राज्यात परिचित झाले. त्याच परिसरात अवचितगड उभा आहे. एकीकडे पत्रे, नळ आणि लोखंडी सांगाडे, तर दुसरीकडे काळा पाषाण. दोहोंवर कोकणचा पाऊस चार महिने कोसळत असतो. वस्तू कशी जुनी होते, हे पाहावयाचे असेल तर असा परिसर उत्तम पाठशाळा ठरतो.

या निरीक्षणाचे महत्त्व आता वाढले आहे. शाळा, समाजमंदिर, पाण्याची टाकी किंवा किल्ल्याचा बुरूज यांची त्रिमितीय प्रतिकृती संगणकावर तयार करून ती सभेपुढे ठेवता येते. मात्र संगणकसाहाय्यित आराखड्यातील वास्तू कोरी करकरीत दिसते. तिच्या कडा धारदार आणि भिंती गुळगुळीत असतात. दुरुस्तीचा विचार करावयाचा असेल तर अशी प्रतिकृती अपुरी पडते. तिला खरा पोत द्यावा लागतो.

पोत चढविण्याची रीत

कागदी खोका उलगडून सपाट करावा, त्यावर चित्र काढावे आणि तो पुन्हा जोडावा, तशी ही रीत आहे. यूटा विद्यापीठातील एडविन कॅटमल यांनी १९७४ च्या आपल्या प्रबंधात वक्र पृष्ठभागावर चित्र चढविण्याची पद्धत मांडली. मूळ आकार न बदलता पृष्ठभाग खडबडीत भासविण्याची युक्ती जेम्स ब्लिन यांनी १९७८ मध्ये दाखविली. आज ब्लेंडरसारख्या विनामूल्य प्रणालीतही ही साधने उपलब्ध आहेत.

एकाच पृष्ठभागासाठी सामान्यतः चार चित्रे लागतात : रंगाचे, खडबडीतपणाचे, उंचसखलपणाचे आणि धातूच्या चकाकीचे. येथे एक गोष्ट ध्यानी ठेवावी. उघडे पोलाद धातूसारखे चमकते. गंज मात्र धातूसारखा चमकत नाही. गंजलेल्या भागावर केवळ तांबूस रंग देऊन चकाकी तशीच ठेवली, तर तो गंज न वाटता तांबे वाटते.

झीज कोठे दाखवावी?

झीज सर्वत्र सारखी पसरत नाही. पत्र्यावरील जस्ताचा थर प्रथम कापलेल्या कडांशी व बोल्टच्या छिद्रांशी निकामी होतो. तेथून गंजाचे ओघळ खाली उतरतात. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून रंगाचे पापुद्रे सुटतात. काँक्रीटमधील सळई गंजली की वरचा थर फुटतो, तोही याच कारणाने.

दगडाची तऱ्हा निराळी. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो; त्या अंगाच्या भिंतीवर पाण्याचा मारा अधिक होतो. उन्हापासून आडोसा असलेल्या बाजूस शेवाळ टिकते. दगडफुलाचे फिकट ठिपके फार हळू वाढतात. चुन्याच्या सांध्यांतून पाणी झिरपले की पांढरे ओघळ दिसू लागतात. जोत्यालगत चिखलाचे शिंतोडे उडून मातकट पट्टा तयार होतो. म्हणून प्रत्येक डाग दाखविण्यापूर्वी विचारावे : पाणी कोठून आले, कोठे थांबले आणि कोठून वाहून गेले?

छायाचित्रे घेताना

छायाचित्र ढगाळ प्रकाशात, भिंतीच्या समोर उभे राहून घ्यावे. कडक उन्हात घेतल्यास सावल्याही चित्रात उतरतात आणि त्या पुसता येत नाहीत. भिंतीशेजारी मोजपट्टी ठेवावी. एक मीटर रुंदीचा भाग १०२४ बिंदूंच्या चित्रात घेतला, तर एक बिंदू सुमारे एक मिलिमीटर दर्शवितो. केसासारखी बारीक भेग त्यात स्पष्ट दिसणार नाही. एकच चित्र पुनःपुन्हा जोडल्यास तोच डाग ओळीने उमटतो आणि कृत्रिमपणा उघडा पडतो.

नोंद आणि कल्पना

या कामातील खरी जबाबदारी येथे आहे. प्रतिकृती जितकी हुबेहूब, तितका तिच्यावर लोकांचा विश्वास अधिक. केवळ शोभेसाठी काढलेली भेग पाहून ग्रामसभा निधी मंजूर करील, किंवा झाकलेली भेग न दिसल्याने धोक्याची भिंत तशीच राहील. वारसाविषयक संगणकीय चित्रणासाठी तयार झालेल्या, २००९ मध्ये सुधारित केलेल्या लंडन सनदेतही पुराव्यावर आधारलेला भाग आणि अनुमान यांतील भेद स्पष्ट करावा, असा आग्रह आहे. त्यासाठी मोजमापांचा मूळ आराखडा अबाधित ठेवावा, पोत चढविलेली प्रत वेगळी जतन करावी, प्रत्येक छायाचित्राची तारीख व जागा लिहावी आणि कल्पनेने भरलेला भाग वेगळ्या रंगाने दाखवावा.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समावेश झाला. त्यांत या जिल्ह्यातील रायगड व खांदेरी आहेत. अवचितगडासारखे अनेक किल्ले आणि गावोगावची जुनी मंदिरे, बारव, वीरगळ त्या यादीबाहेर आहेत. त्यांच्या आजच्या अवस्थेची नोंद स्थानिक पातळीवर होणे अगत्याचे आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर त्याच भिंतीची, त्याच जागेवरून छायाचित्रे घेतली आणि ग्रामपंचायतीने ती दप्तरात जपून ठेवली, तर काही वर्षांनी झीज किती वाढली हे अंदाजाने सांगावे लागणार नाही. दुरुस्ती कोठे आधी करावी, याचा निर्णय त्या नोंदीवरूनच घेता येईल.