‘नीट काढ’ म्हणू नका

लेकराने कागदभर काळा-निळा रंग फासलाय. मधोमध आडवी पडलेली गाय, पाय वर. तुम्ही डोकावता आणि तोंडून निघून जातं, “हे काय काढलंस? नीट काढ की. घर काढ, डोंगर काढ, सूर्य काढ.” हेतू वाईट नसतोच. पण सप्टेंबर २०२५मध्ये परंडा-भूमकडे ज्यांच्या दावणीची जनावरं पुरात गेली, त्यांच्या घरातलं पोर हसरा सूर्य कशाला काढेल?

आपल्याकडे चित्रकला म्हटलं की एलिमेंटरी, इंटरमिजिएट आणि दहावीचे वाढीव गुण, एवढंच डोळ्यांपुढे येतं. त्या परीक्षांशी माझं भांडण नाही. पण आज मी बोलतेय त्या चित्राला गुण नसतात, नंबर नसतो, ते भिंतीवर लावायचंही नसतं. कलोपचार म्हणतात त्याला. चित्र, माती, नाच, वाद्य, बाहुली, नाटक यांतून मुलाच्या मनाशी बोलायचं. यात तीन जण असतात: मूल, उपचारक आणि मुलाने केलेली वस्तू. “तुला भीती वाटते का?” असं थेट विचारलं की पोर मान हलवून गप्प बसतं. तेच, “ही बाहुली रात्री का जागी आहे?” असं विचारा. बाहुलीबद्दल बोलताना त्याला आपलं काही उघडं पडल्यासारखं वाटत नाही.

तुमच्यातले लोहारा-उमरग्याकडचे कितीतरी जण ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपाच्या पहाटे आठ-दहा वर्षांचे असतील. आज तुम्ही चाळिशी ओलांडलीत, तुमची मुलं शाळेत आहेत. सास्तूरची घरं पुन्हा उभी राहिली, गावं नव्या जागी वसली. पण पत्र्याच्या शेडमधले ते दिवस तुम्ही तुमच्या लेकरांना कधी सांगितलेत? अजूनही रात्री भांडं पडलं की काहीजण उठून बसतात. तेव्हा हातात कागद देऊन शेजारी शांत बसणारं कुणी असतं, तर थोडं तरी हलकं वाटलं असतं, असं मला वाटतं.

असं बसणारी एक बाई दुसऱ्या महायुद्धात होती. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस ही चित्रकार नाझींनी तेरेझिनच्या छावणीत डांबलेल्या ज्यू मुलांना चित्रं शिकवायची. छावणीत माणसाला नंबर असायचा. ती मुलांना चित्राखाली नाव लिहायला लावायची. १९४४मध्ये तिला आउशविट्झला नेऊन मारलं. जाण्याआधी तिने मुलांची हजारो चित्रं दोन बॅगांत भरून लपवली होती. ती आज प्रागच्या संग्रहालयात आहेत. तिचीच विद्यार्थिनी ईडिथ क्रेमर पुढे अमेरिकेत मुलांसाठीच्या कलोपचाराची एक आद्य प्रवर्तक ठरली.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात साहित्याला काय तोटा? तेरच्या लामतुरे संग्रहालयात मुलांना एकदा न्याच. दोन हजार वर्षांपूर्वीच्या भाजक्या मातीच्या बाहुल्या आहेत तिथे. घरी आल्यावर त्यांना ओढ्याची चिकणमाती आणून द्या. पहिला अर्धा तास काहीच बनणार नाही. मूल माती नुसती दाबेल, आपटेल, बोटांनी भोकं पाडेल. तेच हवंय. मग कदाचित पोळ्याचा बैल होईल. शिंग तुटेल, थुंकी लावून पुन्हा चिकटवेल. वाळताना बैलाला भेग पडेल, मग रडारड. तेव्हा “जाऊ दे, बाजारातून दुसरा आणू” म्हणू नका. “आता काय करायचं?” एवढंच विचारा. मोडलेलं पुन्हा जोडता येतं, हे पोर आपल्या बोटांनी शिकतंय. तेर हे गोरोबाकाकांचं गाव. नामात दंग होऊन चिखल तुडवताना पायाखाली आलेल्या लेकराची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कथेत पांडुरंगाने ते परत दिलं. आपण कामात, कर्जाच्या काळजीत, मोबाइलमध्ये गढलेले असताना मधूनमधून खाली बघितलेलं बरं.

चित्राचा अर्थ मात्र लावत बसू नका. काळा रंग म्हणजे दुःख आणि लाल म्हणजे राग, असले तक्ते मोबाइलवर फिरतात. पुष्कळदा काळा खडू उरलेला असतो म्हणून चित्र काळं असतं! “मला याच्याबद्दल सांगतोस?” म्हणावं आणि थांबावं. सांगितलं तर ऐकावं. नाही सांगितलं तरी चालतं. आणि हो, ते चित्र पाहुण्यांना दाखवू नये, स्टेटसला तर मुळीच ठेवू नये.

चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा तुमच्यासमोर रंग घेऊन बसणार नाही. त्याला हलगी द्या, लेझीम द्या. तुळजापूरच्या गोंधळ्यांचा संबळ ऐकताना पाय आपोआप ठेका धरतात. एका लयीत चार जणांसोबत वाजवताना श्वास लयीला लागतो, आणि न बोलता कुणाच्या तरी सोबत असल्यासारखं वाटतं. मुली वहीत काहीबाही लिहितात. ती वही उघडू नका. कितीही काळजी वाटली तरी आधी विचारा.

घरची माती, घरची हलगी हा आधार आहे, उपचार नव्हे. मूल आठवड्यामागून आठवडे तेच भीतीचं चित्र गिरवतंय, झोप उडालीय, मोठं असून अंथरूण ओलं करतंय, शाळेचं नाव काढलं की पोट दुखतंय, तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग गाठा. मरणाची भाषा केली किंवा हातावर ब्लेडच्या खुणा दिसल्या, तर त्याच दिवशी, आणि तोवर लेकराला एकटं सोडू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. शिकलेला कलोपचारक बहुतेक पुण्या-मुंबईकडे भेटेल. तिथे गेलात तर किती वर्षं शिकलात, कुणाच्या देखरेखीखाली काम केलंत, हे बेधडक विचारा. दोन दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र लावून ‘थेरपिस्ट’ झालेलेही आहेत.

जवळचं एक काम मात्र तुमच्या हातात आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीच्या शाळेत शंभरावर मुलं असतील, तर कलेसाठी अर्धवेळ शिक्षक हवा. शाळा व्यवस्थापन समितीत किमान पंचाहत्तर टक्के सदस्य पालकच असतात. पुढच्या बैठकीत दोनच गोष्टी विचारा: आपल्याकडे तो शिक्षक आहे का, आणि चित्रकलेचा तास गणिताला का दिला जातो? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.