जुनी पिकअप राखायची, तर आधी खर्चाचा क्रम ठरवा

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात, ओतूर-आळेफाट्याच्या कांदा बाजारात आणि मंचरला माल घेऊन येणाऱ्या पिकअपमध्ये दहा-बारा वर्षांच्या गाड्या कमी नसतात. कर्ज फिटलेली गाडी शेतकऱ्याला परवडते. पण ऐन हंगामात ती माळशेज घाटात बंद पडली, तर दुरुस्तीच्या बिलाआधी गाडीतला मालच हातचा जातो. मोठी बिले बहुधा लहान खर्च टाळल्यातून येतात. म्हणून पैसा मोजका असेल तेव्हा तो आधी कुठे घालायचा, हे ठरलेले हवे.

खालचे आकडे बोलेरो, टाटा २०७ यांसारख्या गाड्यांसाठी सुट्या भागांसह ढोबळ अंदाज आहेत. मॉडेल, भागाची कंपनी आणि गॅरेज यांनुसार ते बदलतील.

हंगामाआधी करायचेच

- इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर: २,५०० ते ३,५०० रुपये
- डिझेल फिल्टर: ४०० ते १,००० रुपये
- एअर फिल्टर: ४०० ते ८०० रुपये
- कूलंट, होज पाइप, फॅन बेल्ट: १,५०० ते ३,००० रुपये
- पुढचे ब्रेक पॅड, मागचे लायनर: ३,००० ते ५,००० रुपये

सगळे एकदम केले तरी आठ ते साडेतेरा हजारांत भागते. हे टाळून इंजिन तापले आणि हेड गॅस्केट गेले, तर हेड फेसिंग व मजुरी धरून दहा ते अठरा हजार जातात. इंजिन पूर्ण बांधायला सत्तर हजार ते सव्वा लाख लागू शकतात. रेडिएटरमध्ये विहिरीचे किंवा बोअरचे पाणी ओतत राहू नका. त्यातल्या क्षारांनी नळ्या बुजतात आणि चढावर तापमानाचा काटा वर जातो.

लक्षण ओळखा, मग खर्च करा

काळा धूर: आधी एअर फिल्टर पाहा, मग गाडीतला भार. त्यानंतरच नोझल तपासायला द्या. कॉमन रेल गाडीचा एक नवा इंजेक्टर दहा हजारांच्या पुढे जाऊ शकतो, म्हणून चाचणी न करता चारही बदलू नका.

निळा धूर: इंजिन ऑइल जळते आहे. रोज डिपस्टिक पाहा.

पांढरा धूर: थंडीत सकाळी थोडा वेळ आला तर घाबरू नका. गाडी तापल्यावरही थांबत नसेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. गाडी तशीच दामटू नका.

सकाळी चालू होत नाही: बॅटरीची टर्मिनल, हीटर प्लग, मग डिझेल फिल्टर, हा क्रम धरा. फिल्टरखालच्या बोल्टमधून साचलेले पाणी काढा. लाइनने एअर धरली असेल तर हातपंपाने काढता येते. मात्र कॉमन रेल गाडीत इंजिन चालू असताना इंजेक्टरचा पाइप कधीही सैल करू नका. आतला दाब हजार बारच्या पुढे जाऊ शकतो, डिझेलची धार कातडीत शिरते.

भार आणि घाट

आरसी बुकातल्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करा. उरते तेवढाच माल भरा. वीस किलोचे ६० क्रेट म्हणजे १,२०० किलो टोमॅटो, क्रेटचे वजन वेगळे. जास्तीचा भार क्लच, पाटे आणि ब्रेक खातो. क्लच सेट मजुरीसह सात ते बारा हजारांना पडतो. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवू नका. ब्रेक तापून लागेनासे होतात. कॉमन रेल गाडीत गिअरमध्ये पाय उचलला की डिझेल तसेही बंद होते.

गॅरेजमध्ये आणि आरटीओत

कामाआधी लेखी अंदाज घ्या, बदललेले भाग परत मागा, पक्के बिल ठेवा. पोट भरण्यासाठी स्वतः चालवलेल्या गाडीचा मालक ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहकच असतो. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करता येते. मालवाहू गाडीचे फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करावे लागते. जुन्नर, आंबेगावसाठी ते काम पिंपरी-चिंचवड आरटीओकडे येते. गाडी जुनी झाली की त्याचे शुल्कही वाढते. ते वर्षाच्या हिशेबात आधीच धरा.

ठेवायची की काढायची?

चासी आणि केबिन गंजलेली नसेल, फिटनेस मिळत असेल, तर इंजिन बांधणे परवडते. चासीला तडा असेल तर इंजिनवर लाख रुपये घालू नका. वर्षभराच्या दुरुस्तीचा खर्च वहीत लिहा. तो नव्या गाडीच्या वर्षभराच्या हप्त्यांजवळ गेला, की जुनी गाडी विकण्याची वेळ आली.