किनाऱ्यावरचे तपकिरी गोळे

प्रश्न : स्पेनच्या मायोर्का बेटावर वाळूत नारळाच्या शेंडीचे वळावेत तसे तपकिरी गोळे ठिकठिकाणी पडलेले दिसले. कुणी म्हणाले शेवाळ, कुणी म्हणाले यापासून फळ्या करतात. खरे काय?

उत्तर : शेवाळ नक्कीच नव्हे. ते पोसिडोनिया ओशियानिका नावाचे समुद्रगवत. मूळ, खोड, फूल, फळ सगळे असलेली ही वनस्पती फक्त भूमध्य समुद्रात आढळते. सुमारे ४० मीटर खोलीपर्यंत तिची कुरणे असतात. पाने झडल्यावर त्यांच्या बुंध्याचे चिवट तंतू उरतात. लाटांबरोबर तळाशी मागेपुढे लोळताना ते एकमेकांत गुंततात आणि वादळात गोळे होऊन किनाऱ्याला लागतात.

फळ्यांचेही खरे. मातीच्या गिलाव्याला भेगा पडू नयेत म्हणून आपण त्यात भुसा कालवतो. तंतू घालून केलेल्या अशा फळ्यांना कॉम्पोझिट म्हणतात. त्यांचे तत्त्व तेच, फक्त मातीच्या जागी प्लॅस्टिक आणि भुशाच्या जागी हे तंतू. पण तंतू पाणी धरतो, प्लॅस्टिक पाण्याला जवळ करत नाही. त्यामुळे दोघांची पकड बसत नाही. म्हणून तंतू मीठ-वाळू धुऊन कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात भिजवतात. त्यावरचा थर निघून पृष्ठभाग खरखरीत होतो आणि प्लॅस्टिक त्याला धरते. तरी हा तंतू आखूड. भार सोसायच्या कामात तागाची बरोबरी त्याने करावी अशी अपेक्षा मी धरणार नाही. जर्मनीत हेच तंतू मोकळे करून छपराच्या पोकळीत उष्णतारोधक म्हणून भरतात. ते सहजी कुजत नाहीत, पटकन पेटतही नाहीत. मला हा उपयोग जास्त पटतो.

या गोळ्यांत समुद्रातले प्लॅस्टिकही अडकते. बार्सिलोना विद्यापीठाच्या संशोधकांना एका किलोमागे १,४७० पर्यंत तुकडे सापडले. हे २०२१ साली प्रसिद्ध झाले.

किनाऱ्याला लागलेल्या या गवताला कचरा म्हणणे मात्र मला खटकते. वाहून आलेल्या पानांचे ढीग हिवाळी वादळांत वाळू धरून ठेवतात. पर्यटकांसाठी ते यंत्राने उचलून टाकले की किनारा उघडा पडतो. जे उचललेच गेले, ते खड्ड्यात पुरण्यापेक्षा कारखान्यात जावे. जिवंत कुरणाला मात्र हात नको, कारण त्याचे खोड वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर सरकते.

पुन्हा गेलात तर एक गोळा उकलून पाहा, आणि तिथेच ठेवून या.