मार्चअखेरच्या पेट्या

जामखेडच्या बाजारपेठेत आमचं किराणा दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, गेली पंचवीस वर्षं मी गल्ल्यावर बसतो. खर्ड्याकडचं गिऱ्हाईक कोणता साबण मागतं, पाऊस लांबला की लोक मोठा पुडा सोडून छोट्या पुडीवर कधी येतात, हे मला कुणी सांगावं लागत नाही. याच जाणकारीच्या भरवशावर मी शेअर घेतले आणि तिथेच फसलो. आपल्या तालुक्यातली तरुण मुलं आता मोबाइलवर डीमॅट खातं उघडतात. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

२०२१ ची गोष्ट. माझ्यापुढे दोन कंपन्या होत्या. एक हिंदुस्तान युनिलिव्हर. कंपनीने २००७ मध्ये नाव बदललं, तरी आम्ही दुकानदार अजून ‘लिव्हर’च म्हणतो. दुसरी मसाले आणि लोणची करणारी छोटी कंपनी. तिचं नाव सांगत नाही. लिव्हरचा शेअर २,४०० रुपयांच्या आसपास होता, छोटीचा ११८ ला. मला पहिला महाग वाटला, दुसरा स्वस्त.

शेअरचा भाव म्हणजे पेटीतल्या एका पुडीचा भाव. पेटीत पुड्या किती, हे मोजल्याशिवाय पेटीची किंमत कळत नाही. लिव्हरचे सुमारे २३५ कोटी शेअर आहेत. २,४०० ने गुणले तर ५ लाख ६४ हजार कोटी रुपये होतात. छोटीचे शेअर साडेचार कोटी, म्हणजे सगळी कंपनी ५३१ कोटींची. एक दुसरीच्या हजार पटींहून मोठी! मग बघायचं की त्या किमतीत वर्षाचा नफा किती मिळतो. लिव्हर तेव्हा वर्षाच्या नफ्याच्या जवळपास सत्तर पटीने विकली जात होती, छोटी अठरा पटीने. हा हिशेबही मी केला आणि छोटीच स्वस्त ठरली. पण तो नफा खरा आहे का, हे विचारायचं राहिलं.

त्याचं उत्तर माझ्याच गोदामात पडून होतं.

लिव्हरच्या एजन्सीचा व्यवहार कडक. माल उतरला की त्याच आठवड्यात चेक. फुकट काही सहसा नाही. छोट्या कंपनीचा सेल्समन मात्र म्हणायचा, “शेठ, दहा पेट्यांवर दोन फुकट. पैशांची घाई नाही, दोन महिन्यांनी द्या.” मार्चअखेर आली की न मागता तीस-तीस पेट्या टाकून जायचा. जूनपर्यंत त्यातल्या निम्म्याही खपायच्या नाहीत. मला वाटायचं, काय दिलदार कंपनी आहे, हिचा माल किती वाढतोय! एजन्सीला माल गेला की कंपनीच्या वहीत विक्री लागते आणि नफाही दिसतो. पैसा मात्र आलेला नसतो. दुकानदार म्हणून ज्या उधारीवर मी खूश होतो, तीच शेअरहोल्डर म्हणून माझ्या मुळावर येणार होती. गोदामातल्या धूळ खात पडलेल्या पेट्या आणि खात्यातले शेअर, हे दोन्ही माझेच होते. पण मी त्यांची सांगड कधी घातली नाही.

मुलीच्या फार्मसीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या रकमेतून १,५०० शेअर घेतले. १ लाख ७७ हजार रुपये.

वर्षभराने कंपनीच्या लेखापरीक्षकाने मुदतीआधीच राजीनामा दिल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवसापासून लोअर सर्किट. ज्यांनी हे अनुभवलं नाही त्यांना सांगतो : अशा शेअरला दिवसाला ठरावीक टक्केच पडण्याची मुभा असते, आमच्या शेअरला पाच टक्के होती. तेवढा पडला की त्या भावाला विकणाऱ्यांची रांग लागते आणि घेणारा कुणीच नसतो. रोज सकाळी नऊला मी विक्रीची ऑर्डर टाकायचो आणि संध्याकाळी ती तशीच रद्द व्हायची. असे आठ दिवस गेले की शंभरातले ६६ उरतात. शेवटी ५२ ला सुटलो. ७८ हजार हातात आले, ९९ हजार गेले. भाव पडण्यापेक्षा विकता न येण्याची भीती मोठी असते. लिव्हरसारख्या कंपनीत तुमच्या-माझ्या हजार-पाचशे शेअरना गिऱ्हाईक मिळतंच. आकारातला हा फरक भावाच्या आलेखात दिसत नाही.

त्यानंतर मी वार्षिक अहवाल वाचायला शिकलो. बीएसईच्या संकेतस्थळावर तो फुकट मिळतो. छोट्या कंपनीत आधी येणी, म्हणजे विकलेल्या मालाचे अजून न आलेले पैसे, बघा. विक्री दहा टक्क्यांनी वाढली आणि येणी चाळीस टक्क्यांनी, तर माल कुणाच्या तरी गोदामात पडून असू शकतो. मग धंद्यातून प्रत्यक्ष आलेली रोकड नफ्याशेजारी मांडा, तीन-चार वर्षांची. माझ्या कंपनीत नफा दरवर्षी होता, रोकड एकाच वर्षी. प्रवर्तकांनी आपले शेअर गहाण ठेवलेत का, हे दर तिमाहीच्या भागधारणेच्या तक्त्यात छापलेलं असतं.

याचा अर्थ छोटं ते खोटं, असा नाही. करसनभाई पटेलांनी १९६९ मध्ये अहमदाबादला सायकलवरून निरमा विकायला सुरुवात केली आणि पुढे त्याच पावडरीने लिव्हरच्या सर्फला घाम फोडला. शिवाय साठ हजार कोटींच्या आसपास विक्री असलेल्या लिव्हरला दहा टक्के वाढायचं तर वर्षाला सहा हजार कोटींचा जादा माल खपवावा लागतो. छोटीला तेवढ्या टक्क्यांसाठी दोन-चार नवे जिल्हे पुरतात.

आणि मोठीतही पैसा आपोआप वाढत नाही. २०२० च्या अखेरीस लिव्हर २,४०० च्या आसपास होती, २०२४ च्या अखेरीस २,३०० च्या. चार वर्षं कंपनी नफा कमावत राहिली, पण घेणाऱ्याने सत्तर पट भाव आधीच मोजला होता. २०२३-२४ चा लाभांश शेअरमागे ४२ रुपये, म्हणजे दोन टक्केसुद्धा नाही. त्यामुळे ज्या पैशाला तारीख आहे, मग ती फीची असो, लग्नाची असो की विहिरीची, तो मी आता दोन्हींपैकी कशातच घालत नाही.

शेअर विकल्यानंतरच्या जूनमध्ये मुलीची फी पतसंस्थेचं कर्ज काढून भरली. शेवटचा हप्ता गेल्या दिवाळीत फिटला.