पिशवी न काढता गाठींवर इलाज : म्हैसूरच्या बोगादीत राहून हिशेब कसा मांडाल?

‘पिशवी काढून टाका, सुटाल.’ फायब्रॉइडच्या, म्हणजे गर्भाशयातल्या गाठींच्या, रक्तस्रावाने बेजार झालेल्या बाईला हा सल्ला आपल्याकडे इतका चटकन मिळतो, की दुसरी वाट असेल असे तिच्या मनातही येत नाही. ही दुसरी वाट म्हणजे युटेराइन आर्टरी एम्बोलायझेशन. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी सरकवून गर्भाशयाच्या दोन्ही धमन्यांत वाळूसारखे कण सोडतात. गाठींचा रक्तपुरवठा तुटतो आणि त्या काही महिन्यांत आक्रसतात. पॅरिसच्या डॉ. राव्हिना यांनी १९९५ मध्ये ही पद्धत जगापुढे मांडली.

हे काम स्त्रीरोगतज्ज्ञाचे नाही, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टचे. म्हणून म्हैसूरचे जेएसएस रुग्णालय असो, अपोलो बीजीएस असो, आधी फोनवर विचारा : हे डॉक्टर इथलेच की बेंगळूरुहून येणार? वर्षात अशा किती केसेस करतात? बेंगळूरुलाच जावे लागले, तर दीडशे किलोमीटरच्या फेऱ्या आणि सोबत येणाऱ्याची रजा हाही खर्चच. मूल हवे असेल किंवा कर्करोगाची शंका असेल, तर पैशांआधी डॉक्टरांशी बोला.

खासगीत ढोबळमानाने दीड ते अडीच लाख धरून चाला. फरक पडतो तो कणांच्या कंपनीने, मायक्रोकॅथेटरने आणि खोलीने. एमआरआय पॅकेजमध्ये आहे का, तेही बघा. पहिल्या रात्री पोटात चांगलेच दुखते. वेदनाशामक पंप वेगळा लावतात का, हे एस्टिमेटमध्ये लिहून मागा. दिवसाला ५ हजारांहून महाग खोली घेतली, तर तिच्यावर ५ टक्के जीएसटी.

खरी मेख विम्यात आहे. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्ये आधुनिक उपचारांची यादी केली, त्यात हा उपचार नावानिशी आहे. त्यामुळे ‘हे आम्ही देत नाही’ असे कंपनीला म्हणता येत नाही. मर्यादा मात्र घालता येते. ‘आरोग्य संजीवनी’त ती विमा रकमेच्या निम्मी आहे, म्हणजे ३ लाखांच्या पॉलिसीत दीड लाख. फायब्रॉइडला बहुतेक पॉलिसींत दोन वर्षे थांबावे लागते. खोलीभाडे मर्यादेबाहेर गेले, तर डॉक्टरांच्या फीलाही त्याच प्रमाणात कात्री लागते. ही गोष्ट डिस्चार्जच्या दिवशीच कळते!

आणखी एक हिशेब कुणी सांगत नाही. ब्रिटनच्या ‘रेस्ट’ चाचणीत पाच वर्षांत एम्बोलायझेशन झालेल्या ३२ टक्के बायकांना पुन्हा उपचार करावे लागले. शस्त्रक्रियेनंतर हे प्रमाण होते ४ टक्के. उलट बाजूला, रुग्णालयातला मुक्काम पाचऐवजी एका दिवसाचा. नोकरी करणारीला, घरात दुसरे कुणी नसलेलीला तो मोलाचा. माझे मत विचाराल, तर चाळिशीच्या पुढे, रजोनिवृत्ती जवळ असताना हा सौदा जास्त फायद्याचा.

चेलुवांबा या सरकारी रुग्णालयात दुसरे मत जरूर घ्या. बीपीएल कार्ड असेल, तर तिथल्या आरोग्यमित्राला आयुष्मान योजनेत हे बसते का, ते विचारा. कानडी येत नसेल, तर ‘गर्भकोश’ एवढा एक शब्द पुरेल. आणि टीपीएची, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेची, पूर्वमंजुरी हातात येईपर्यंत ॲडव्हान्स भरू नका.