चिपवर संशय सर्वांत शेवटी

जुनं ॲनालॉग डिले पेडल बंद पडलं, की मालक आणि कारागीर दोघांचाही संशय आतल्या दुर्मीळ डिले चिपवर जातो. हा संशय बहुतेक वेळा चुकीचा असतो आणि महागात पडतो, असं अनुभवाअंती माझं ठाम मत झालं आहे. बंगळुरूत तर ही चूक सहज होते. पॅलेस ग्राउंड्सवर २००७ साली आयर्न मेडन आणि २०११ साली मेटालिका ऐकलेल्या या शहरात गिटारवाले पुष्कळ, परदेशातून कुणाच्या ना कुणाच्या सामानातून आलेली जुनी पेडल्सही बरीच, आणि टाऊन हॉलजवळच्या एस. पी. रोडवर सुटे भाग हाताशी. भाग सहज मिळतात तिथे तपासण्याआधीच बदलण्याचा मोह होतो.

चिप नेमकं काय करते ते पाहिलं, की संशय का चुकतो ते कळतं. या चिपमागची पद्धत १९६९ साली फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीअर यांनी शोधली. विहिरीपासून ओळीने उभ्या माणसांनी घागर हातोहात पुढे द्यावी, तसा आवाजाचा विद्युतभार एका कपॅसिटरमधून पुढच्यात सरकतो. मात्सुशिताच्या एमएन३००५ चिपमध्ये असे ४०९६ टप्पे आहेत. क्लॉकच्या एका आवर्तनात भार दोन टप्पे पुढे जातो. म्हणून क्लॉक १० किलोहर्ट्झचा असेल तर आवाज सुमारे २०५ मिलिसेकंद उशिरा बाहेर पडतो. या कामात चिपमधून प्रवाह अगदी थोडा वाहतो आणि तिच्यात झिजण्यासारखं काही नसतं. उलट तिच्याभोवतीचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतून सुकतात, जॅक आणि फूटस्विच वापराने झिजतात, दमट हवेत पॉट खरखरू लागतात, आत विसरलेली बॅटरी गळून तांब्याच्या रेषा खाते. चिप जाते तीही बहुधा उलट्या किंवा जादा व्होल्टेजने, म्हणजे पुन्हा बाहेरच्याच कारणाने. ते कारण न शोधता नवी चिप बसवली, तर तीही त्याच वाटेने जाईल.

म्हणून सुरुवात विजेपासून करावी. बॉस आणि आयबानेझच्या पेडल्सना मधलं टोक ऋण असलेला अडॅप्टर लागतो; घरातल्या राउटरच्या अडॅप्टरचं मधलं टोक सहसा धन असतं. उलटी वीज आली तर स्वतः शॉर्ट होऊन पुढचं सर्किट वाचवणारा डायोड अनेक पेडल्समध्ये असतो. तो गेला की पेडल पार मेल्यासारखं वाटतं, आणि इलाज असतो एस. पी. रोडवर चिल्लरीत मिळणारा १एन४००७. बॉसच्या काही जुन्या पेडल्सवर ‘एसीए’ लिहिलेलं असतं. ती बारा व्होल्टच्या आसपासच्या अनियंत्रित अडॅप्टरसाठी बनलेली. आजच्या नियंत्रित नऊ व्होल्टवर त्यांचा दिवा मंद लागतो, आवाजही बिघडू शकतो, आणि लोक म्हणतात चिप थकली. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या जुन्या डिलक्स मेमरी मॅनमध्ये ट्रान्सफॉर्मर डब्याच्या आतच असून वायर थेट भिंतीच्या सॉकेटला जाते. अमेरिकेसाठी बनलेलं असं पेडल आपल्या २३० व्होल्टवर लावलं तर जळेल. त्याला स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्या, आणि तो डबा घरी उघडू नका.

वीज ठीक निघाली, की पेडल स्वतःच बरंच सांगतं. बॉसच्या पेडलमध्ये बायपासलाही आवाज आतल्या बफरमधून जातो. तिथेही शांतता असेल, तर दोष विजेत, जॅकमध्ये किंवा बफरपाशी शोधा. डिले चिपचा तिथे संबंध नाही. मूळ आवाज येतो पण प्रतिध्वनी येत नाही, तेव्हाच शोध डिलेच्या वाटेवर न्यावा. तिथेही आधी क्लॉक पाहावा: चिपच्या दोन्ही क्लॉक-पायांवर मल्टिमीटर पुरवठ्याच्या साधारण निम्मं व्होल्टेज दाखवत असेल, तर क्लॉक बहुधा चालू आहे. प्रतिध्वनी फाटका येत असेल तर बायसचा ट्रिमर सरकलेला असू शकतो. फिरवण्याआधी त्याची मूळ जागा पेनने खुणावून ठेवावी. शेवटी तारेच्या टोकाला कपॅसिटर जोडून, ती ॲम्पला लावून, चिपच्या आधी आणि नंतर ऐकावं. व्होल्टेज, क्लॉक, बायस सगळं बरोबर आहे, आवाज आत जातो आणि बाहेर येत नाही, एवढं सिद्ध झालं तरच चिप दोषी.

यावर तीन आक्षेप हमखास येतात. पहिला, उघडलंच आहे तर सगळेच कपॅसिटर बदलून टाकू. वीजपुरवठ्यातले सुकलेले जरूर बदलावेत; पण फिल्टरमधले कपॅसिटर त्या पेडलचा स्वर ठरवतात, आणि जुन्या बोर्डावर डाग देण्याची प्रत्येक खेप तांब्याची रेषा उचकटण्याचा धोका वाढवते. दुसरा, चिप आता मिळते, मग भीती कसली? कूलऑडिओ आणि एक्सव्हाइव्ह यांनी अशा चिपा पुन्हा बनवल्या, हे खरं. पण बॉसच्या डीएम-२ मध्ये आधी एमएन३००५ होती, नंतर एमएन३२०५ आली. दोघींचे व्होल्टेज आणि क्लॉक-ड्रायव्हर वेगळे, एकीच्या जागी दुसरी चालत नाही. जुनं नाव छापलेल्या बनावट चिपाही बाजारात फिरतात. इको किटमधली पीटी२३९९ तर मुळात डिजिटल आहे. तिसरा आक्षेप, एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवं का घेऊ नये? लांब आणि स्वच्छ डिले हवा असेल तर डिजिटल घ्यावंच. बॉसनेही २०१४ साली डीएम-२डब्ल्यू आणलं. पण जुन्याचा दोष डायोडचा आहे की चिपचा, हे कळल्याशिवाय ते भंगारात काढणं हा हिशेबच नव्हे.

दुकानात पेडल देताना तीन गोष्टी पावतीवर लिहून घ्या: दिसलेलं लक्षण, वापरलेला अडॅप्टर, आणि काढलेला प्रत्येक भाग परत मिळण्याची अट. चिप बदलावीच लागली तर सॉकेट बसवून घ्या. मोजलेले आकडे दाखवल्यावरच जो चिपला हात लावतो, त्या कारागिराकडे पेडल ठेवा; झाकण उघडण्याआधीच जो चिपचा भाव सांगतो, त्याच्याकडून ते परत घ्या.